कोशातले नवे शब्द

लांबच्या घरातला संगणक इथे बसून उघडून देणं, हे माझं काम. दहातल्या आठ वेळा दोष यंत्राचा नसतो. प्लगच लावलेला नसतो. तरी मी गोड आवाजात विचारते, "काका, दिवा लागलाय का?"

हे काका मुद्रितशोधक होते. निवृत्तीनंतर घरगुती, जुन्या शब्दांचा कोश करायला बसले. काकूंचं विसरणं वाढलं तशी दोघं लेकीकडे राहायला आली आणि कोश बंद घरातल्या संगणकावर राहिला. प्रकाशकाला तो महिनाअखेर हवा होता. किल्ली शेजारच्या वहिनींकडे होती. त्यांनी जाऊन संगणक सुरू केला, पण जोडणी काही होईना.

सकाळी अकराला आम्ही तिघं फोनवर जमलो. घरातला राउटर बाहेरच्या कुणाला आत घेत नव्हता. त्याची समजूत काढली. मग संगणकाची राखण करणारी फायरवॉल आडवी आली. वहिनींना एकेक बटण सांगत तिलाही बाजूला केलं. काकांच्या आणि माझ्या पडद्यावर एकदमच कोश दिसला. फाइल उघडीच होती.

"मी नुसतं चालू केलं हो," वहिनी म्हणाल्या. "बाकी कशाला हात लावला नाही."

शेवटच्या पानावर तीन शब्द होते. पायरी. बादली. उशी. पुढे अर्थ नाही, काही नाही.

"हे माझे नाहीत," काका म्हणाले. "इतके साधे शब्द मी कशाला घेईन?"

तेवढ्यात खाली एक अक्षर उमटलं. च. मग चम. मग चमचा.

"काका, तुम्ही टाइप करताय?"

"मी चष्मा पुसतोय, बाई."

कुणीतरी चोरून शिरलं असणार. मी पासवर्ड बदलला. कोण कधी आत आलं याच्या नोंदी तपासल्या. आमच्याशिवाय आत कुणीच नव्हतं. मग वहिनींना कीबोर्डची वायर उपटायला सांगितली.

"उपटली. हातातच आहे माझ्या."

काकांच्या मागून काकूंचा आवाज आला, कावराबावरा. "ते द्या ना... ते. औषध ढवळायचं."

"परवा ती पायरीपाशी थबकली," काका हळूच म्हणाले. "याला काय म्हणतात, विचारत होती. काल बादली. आज सकाळी उशी."

मी मनातल्या मनात कारणं शोधत होते. एकही धड उभं राहीना.

"इथून पुसून बघू?" काकांनी विचारलं.

त्यांनी 'चमचा' पुसला. भांड्यांचा आवाज आला. त्यांनी चमचा उचलून तिच्यासमोर धरला असावा. "सांग बरं, हे काय?"

"ते... ढवळायचं," काकू म्हणाल्या. पडद्यावर 'चमचा' पुन्हा उमटला.

"जोडणी तोडू का, काका?" माझा आवाज मलाच परका वाटला.

"नको. निदान कुठेतरी आहेत ते."

मग त्यांनी कोशकाराला शोभेल असं केलं. एकेका शब्दापुढे ते अर्थ लिहू लागले. चुका न करता, सावकाश.

पायरी : जिथे ती माझा हात धरते.

उशी : जिची गार बाजू ती मला देते.

वहिनी नाक ओढत होत्या.

बादलीपाशी त्यांच्या हाताखालून कर्सर निसटला. तो पानाच्या तळाशी जाऊन थांबला.

अ.

अहो.

काकांची बोटं थांबलेली मला ऐकू आली. मग फोनच्या अगदी जवळ खुर्ची सरकली आणि काकूंचा आवाज आला. स्वच्छ, अतिशय अगत्याचा.

"बसा ना. आपण कुणाकडे आलात?"