गाडी कोण चालवत होतं

त्या दुपारी मी फक्त एक प्रश्न विचारायला खाली उतरले होते.

मालवणातल्या एका खाजगी इस्पितळात मी कोडिंग करते. म्हणजे डॉक्टरांनी लिहिलेली प्रत्येक जखम ठरलेल्या अक्षर-आकड्यांत बसवायची. मोडलेल्या हाडाला एक कोड, भाजल्याला दुसरा. मोटारसायकलचा अपघात असेल तर आणखी एक लागतो: माणूस गाडी चालवत होता की मागे बसला होता? इथे अंदाज चालत नाही. डॉक्टरांनी तसं लिहून द्यावं लागतं.

दिव्याच्या केसपेपरवर ते लिहिलेलं नव्हतं. कॉलेजातली मुलगी. सकाळी चुलतभाऊ अनिशबरोबर कट्टा गावाला निघाली आणि वळणावर गाडी दगडी गडग्यावर आदळली. ती आमच्याकडे आल्यावर गेली. अनिश वाचला, दोन्ही मनगटं मोडून. तो अजून अठराचा झाला नव्हता. लायसन्सचा प्रश्नच नव्हता.

"घरचे म्हणतात, तीच चालवत होती," डॉक्टर म्हणाले.

"सर, तिच्या उजव्या पोटरीला आतून सायलेन्सरचा चटका आहे. मागे बसणाऱ्याला बसतो तसा. आणि मनगटं त्याची मोडलीत, हँडल धरणाऱ्याची मोडतात तशी."

"संचिता, तू कोड टाक. तपास पोलीस करतील."

"पोलीस आपलाच कागद वाचणार ना? मग लिहा, आणि खाली सही करा."

त्यांनी पेन उघडलं. परत टोपण लावलं. "जेवून येतो," म्हणाले. साठीचा माणूस, एका ओळीला घाबरून जेवायला पळाला.

मी मागच्या अंगणात गेले. ऊन अगदी डोक्यावर होतं. माडाची झावळी हलत नव्हती. समुद्र इतका जवळ असून त्याचा आवाजही येत नव्हता. अंगणाला लागूनच ड्रेसिंगची खोली. शववाहिका येईपर्यंत दिव्या तिथे होती. दाराला कुलूप, खिडकी आतून बंद.

जयरामकाका माझी वाटच बघत होते. अनिशचे वडील, दिव्याचे थोरले काका. तिचे वडील केव्हाच वारले, त्यामुळे घर यांच्या शब्दावर चालतं.

"गो पोरी, तू आमच्या चेडवासारख्या. गेला ता काय परत येवचा नाय. ऱ्हवलेल्याक तरी जगांदे."

"काकानू, दिव्याक गियरची गाडी येय होती?"

"शिकला आसतला. हल्लीची चेडवां कोणाक इचारतत?"

मेल्यावरसुद्धा टोमणा. पायरीवर दिव्याची आई, मथुराकाकी, पदराचा बोळा तोंडात कोंबून बसली होती.

"काकी, तुमी तरी सांगा."

तिने बोळा आणखी आत कोंबला.

"बायलमाणसांक काय इचारतंस?" काका म्हणाले आणि नारळ घेऊन अंगणातल्या राखणदाराच्या पाषाणाकडे वळले. सोबत घरचे चार बाप्ये. प्लास्टरचे दोन्ही हात छातीशी धरून अनिशही उभा राहिला. आमच्याकडे असं काही घडलं की जाणता माणूस देवापुढे गाऱ्हाणं घालतो आणि जमलेले प्रत्येक वाक्याला 'होय म्हाराजा' म्हणतात. 'नाही' म्हणायची रीतच नाही. मी तरी कधी ऐकलं नव्हतं.

"बा देवा राखणदारा, आज ह्या लेकरांवर घाव इलो तो दूर कर रे म्हाराजा…"

"होय म्हाराजा!"

"जा काय घडला ता दिव्याच्या हातान घडला. गाडी ताच चलवी होता रे म्हाराजा…"

"होय म्हाराजा!"

"नाय म्हाराजा."

आवाज हळू होता, पण स्पष्ट. बाईचा. सगळ्यांनी मथुराकाकीकडे पाहिलं. तिच्या तोंडात पदराचा बोळा तसाच होता.

"कोण ता?" काकांनी माझ्याकडे बघून विचारलं.

मी बोलले नव्हते. बंद खिडकीच्या फटीतून वास येत होता… पेट्रोलचा, आणि त्याखाली भाजलेल्या कातडीचा.

"परत म्हणा," काकांनी दरडावलं. "दिव्याच गाडी चलवी होता रे म्हाराजा…"

या वेळी बाप्यांपैकी एकाचंही तोंड उघडलं नाही. अंगणात नुसतं ऊन. मग खिडकीच्या आतून, काचेला ओठ लावून बोलल्यासारखं…

"नाय… म्हाराजा."

काच तेवढ्याच जागी धुरकटली.

मथुराकाकीने तोंडातला पदर ओढून काढला. उठली. "नाय म्हाराजा!" ती ओरडली. "माझा चेडू मागे बसलेला! मी फाटकात उभ्या ऱ्हवन बघलंय. भावजीनू, तुमी तुमच्या झिलाक चावी दिलास. आता माझ्या मेलेल्या चेडवाक खोट्यात घालतास?"

काकांनी नारळ तिथेच टाकला.

डॉक्टर जेवण अर्धं टाकून आले, कारण मथुराकाकी त्यांच्या जेवणाच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिली होती. त्यांनी आईचं म्हणणं लिहिलं, खाली 'मोटारसायकलवर मागे बसलेली' असं लिहिलं आणि सही केली. खिडकीतून काय ऐकू आलं ते लिहायला आमच्या कागदावर जागा नाही. मी कोड टाकला. आमच्या बाजूने लिहायचं तेवढं लिहून झालं होतं. वाटलं, आता ती निवांत होईल.

जिन्याकडे गेले तर समोरून अनिशला वॉर्डात नेत होते. सिस्टर पुढे, तो मागून एकटाच. खाली मान, पाय ओढत. तो माझ्यापुढून गेला आणि मला त्याची पाठ दिसली.

त्याच्यामागे कोणी नव्हतं. पण त्याचा शर्ट कमरेशी दोन्ही बाजूंनी मागे ताणलेला होता. वेगात जाणाऱ्या गाडीवर मागे बसलेलं माणूस घाबरून मुठीत धरतं तसा, चुरगळून, घट्ट.

वळणाशी आल्यावर त्या दोन मुठी आणखी आवळल्या. अनिश रडायला लागला.

मी तिथेच उभी होते. तिला 'सोड' म्हटलं नाही.