अँगसचं टोक

बस जरा, सांगतो. हसायचं असेल तर आधीच हसून घे.

त्या सकाळी मी आणि वेस्ली नेहमीसारखे ब्रुकलिनहून मॅनहॅटनला कामावर गेलो. आम्ही मोहॉक जमातीची, इथली मूळची आदिवासी माणसं, उंच इमारतींचे पोलादी सांगाडे उभारतो. क्रेनने तुळई वर आली की एकाने हे टोक धरायचं, दुसऱ्याने ते, आणि खांबाला बोल्ट मारायचे. माझ्या तुळईचं दुसरं टोक जन्मभर अँगसने धरलं. बायकोपेक्षा त्याचंच तोंड मी जास्त पाहिलं असेल. गेल्या हिवाळ्यात तो गेला. पडून नाही; घरी, अंथरुणात, न्यूमोनियाने. वेस्ली त्याचाच मुलगा.

पूर्वी एक पूल कोसळला आणि आमच्या गावचे कितीतरी बापलेक एकदमच नदीत गेले. तेव्हापासून आमच्या बायकांचा नियम आहे, बाप आणि लेक एका टोळीत नकोत. अँगस होता तोवर वेस्ली दुसरीकडे काम करायचा. आता नियम कुठे आड येतोय, असं सगळ्यांचंच मत पडलं आणि तो माझ्या जोडीला आला.

वर धुकं इतकं दाट होतं की स्वतःचे बूट दिसेनात. ओल्या लोखंडाचा वास सुटला होता. खालच्या मोटारींचा आवाजही येत नव्हता. तुळई आली, मी माझं टोक बसवलं आणि थांबलो. धुक्यात आम्ही पान्याने लोखंडावर दोन ठोके देतो. माझं टोक बसलं, ये, असा त्याचा अर्थ.

टण्... टण्.

मी तुळईवरून मधोमध गेलो आणि क्रेनचा दोर सोडला. तेवढ्यात खालच्या शिडीवरून वेस्ली ओरडला.

"काका, थांबा हां! बोल्ट आणायला उतरलोय. दोर सोडू नका..."

माझ्या पायाखालची तुळई तसूभरही हलली नाही.

"वेस्ली... तिथेच थांब. वर येऊ नकोस."

मी रांगत त्या टोकाला गेलो. भोकाला भोक जुळलेलं होतं, पण बोल्ट एकही नव्हता. तुळई नुसती धरलेली होती. अगदी माझ्या कानाशी कुणीतरी खोकलं... आणि तो खोकला मी ओळखला.

माझ्या पिशवीतले बोल्ट कसेबसे मारले, तेव्हा कुठे ती कुरकुरली आणि तिचं वजन खांबावर आलं. भीती वाटली, खोटं कशाला बोलू? पण त्याहून जास्त रडू आलं.

संध्याकाळी अँगसच्या बायकोला, सेसिलियावहिनींना, सगळं सांगितलं. त्या मक्याची भाकरी थापत होत्या.

"तरीच घरी एकदाही फिरकला नाही! मला वाटलं, म्हातारा रुसलाय," त्या म्हणाल्या. मग त्यांचे हात थांबले. "भावजी, म्हणजे बापलेक एकाच टोळीत आहेत की हो..."

"वेस्लीला दुसरीकडे हलवतो."

"म्हातारा मागोमाग तिथेही जाईल. पोराचं काही बरंवाईट व्हायच्या आत मलाच यायला हवं."

दुसऱ्या दिवशी काम सुटताना वहिनी चर्चला जायचा कोट घालून इमारतीखाली उभ्या राहिल्या आणि मान वर करून चारचौघांत ओरडल्या, "अँगस! पोराचं काम पोराला करू दे. उतर खाली! किती वाट बघू?"

क्रेनवाला हसला. वेस्ली मात्र टोपी काढून उभा होता.

मी वहिनींना घरी पोचवलं. रस्त्यावरचं दार धरलं आणि त्या जिना चढू लागल्या. पार वर पोचल्यावर त्यांचा आवाज आला.

"भावजी, दार धरा हं जरा. त्याचे गुडघे दुखतात."

मला हसू आलं. तरी धरून उभा राहिलो.

मग कुणीतरी माझ्या हातातून दार घेतलं आणि आतून हळूच लावलं.