विचारायचं राहून गेलं

सौंदडला गोंदियाची पॅसेंजर थांबली. मंजू घाईनं चढली आणि डब्यात एकच जागा रिकामी दिसली… नेमकी योगराजशेजारी. म्हणजे तिच्या नवऱ्याशेजारी. दोघंही त्याच गावाला, त्याच कामाला निघाले होते. घटस्फोट ठरवायला.

ती दांडा धरून उभीच राहिली.

"बस ना… चावतो का मी?"

"चावत नाही, अन् बोलतही नाही तुमी."

"आता बोलून राहिलो ना?"

मंजूला हसू आलं. ते लपवायला तिनं बाहेर पाहिलं. धान लोंबीला आलं होतं. दमट, गोडसर वास डब्यात शिरत होता. योगराजनं सरकून खिडकीची जागा तिला दिली.

ती वर्षभर सौंदडला माहेरी होती, तो अर्जुनी मोरगावला शेतावर. त्यांची लहानगी टीना तिच्यापाशी. दारू नाही, मारझोड नाही. मंजूला नर्सिंग शिकायचं होतं. सासूबाई 'नाही' म्हणाल्या आणि योगराज खाली मान घालून जेवत राहिला. ती खाली घातलेली मान मंजूला विसरता येईना.

गोंदियाला तिच्या वकील रीता मॅडम आणि त्याचे वकील इंद्रकुमार एकाच टेबलाशी बसले होते. अट आधीच ठरलेली : सगळं बोलून मिटवायचं. भांडण कोर्टात नेलं, तर दोन्ही वकील प्रकरण सोडणार.

"कोण चुकलं ते नको," रीता मॅडम म्हणाल्या. "काय हवं ते सांगा."

"टीना माह्यापाशी पाहिजे," योगराज म्हणाला.

मंजू खुर्चीतून उठलीच. "पोट्टी हिसकून घेता माही?"

"ऐकून तर घे… तू नागपूरले शिकायले जाशील. नाईट ड्युटी राहते म्हणतात. पोट्टीले कोण पाहील? तुह्यं शिकणं होतपर्यंत मी पाहतो. येत जा तू, मन होईल तवा. मंग ने तिले." तो अडखळला. "वेणी घालाले शिकून राहिलो… सुतळीवर."

मंजू परत खाली बसली. "हे घरी काऊन नाही बोलले?"

"मायसमोर हिंमत नाही झाली. अन् मले काय वाटते, हे कोणी विचारलंच नाही."

मीही नाही विचारलं, मंजूच्या मनात आलं.

इंद्रकुमार हळूच म्हणाले, "मग… वेगळं कशाला व्हायचं?"

मंजूचे डोळे भरले होते, पण आवाज ठाम होता. "आता परत गेली, तर हे पुन्हा गप्प होतील, अन् मी पुन्हा चिडीन. मग आम्हाला एकमेकांचं तोंड पाहावणार नाही. तसं नको."

योगराजनं मान डोलावली. "खरं बोलून राहिली ती."

मंजू नागपूरला शिकायला गेली, टीना योगराजपाशी राहिली. सुट्टी मिळाली की अर्जुनीला यायची. टीनाच्या वेण्या एक वर, एक खाली असायच्या. मंजू हसायची, योगराज लाजायचा. पुढं पुढं टीनासाठी केलेला फोन टीना झोपल्यावरही सुरू राहू लागला.

आणि मग एके दुपारी दोघांच्या संमतीनं घटस्फोट मंजूर झाला.

कोर्टाबाहेर ऊन होतं. निघायचं होतं, पण कुणाचाच पाय उचलेना.

"मंजू… आपल्या लग्नाचं घरच्यांनी ठरवलं. तुह्या मनात आहे का नाही, मी विचारलंच नोहोतं."

"मंग?"

"आता विचारून राहिलो…" त्याचे कान लाल झाले होते. "माह्यासंगं चहा प्याले येते का? नाही म्हणाली तरी चालते."

सगळ्या संसारात तिनं त्याला 'अजी' म्हटलं होतं, 'टीनाचे बाबा' म्हटलं होतं. नवऱ्याचं नाव घ्यायची रीत नव्हती. आज तो नवरा नव्हता. तिनं ते नाव आधी ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिलं… गोड वाटलं.

"चल, योगराज," ती म्हणाली.