मथळ्यातून वगळलेली बहीण

"तिला म्हणावं, चहा इथे ठेव आणि जा," वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता भाऊ आपल्या मुलीला म्हणाला. आत्याने निमूटपणे कप ठेवला आणि ती वळली... सतरा वर्षं या घरातलं बोलणं तिच्यापर्यंत असंच दुसऱ्याच्या तोंडून येत होतं!

पण आज तिचे पाय दारातच थबकले. भाऊ मुलीला बातमी सांगत होता. शहराच्या दुसऱ्या टोकाला तीन वर्षांचा एक मुलगा लपाछपी खेळताना गाद्यांच्या पेटीत शिरला. सहा वर्षांच्या बहिणीने गंमत म्हणून वरून कडी घातली आणि खेळ विसरून ती बाहेर पळाली... पेटी उघडली तेव्हा सगळं संपलं होतं.

"काल संध्याकाळी प्रूफ माझ्याच टेबलावर आलं," भाऊ म्हणाला. तीस वर्षं तो त्या वर्तमानपत्रात मुद्रितशोधक होता. "मथळा काय, तर 'बहिणीने कोंडले, भावाचा मृत्यू'! मी बहीण काढूनच टाकली. संपादक ओरडले, ओरडू देत. सहा वर्षांच्या पोरीला काय कळतं? तिला पुढे अख्खं आयुष्य काढायचंय."

आत्याने दाराची चौकट घट्ट धरली. अरे, मी तरी दुसरं काय केलं होतं?

सतरा वर्षांपूर्वी भाऊ आणि भावजय कामावर गेले होते, दोन्ही मुली आत्याच्या हवाली होत्या. ती हॉस्पिटलच्या फाटलेल्या चादरी शिवायला घरी आणायची. मशीनच्या खडखडाटात पलीकडच्या खोलीतलं काही ऐकू आलं नाही. धाकटी छकुली गाद्यांच्या पेटीत निपचित सापडली तेव्हा थोरली शेजारीच उभी होती. "ती अजून का बाहेर येत नाही गं?" असं विचारणारे ते निरागस डोळे पाहून आत्याने क्षणात ठरवलं, आणि भावजय धावत घरात शिरली तेव्हा तिने सांगून टाकलं, "कडी मी घातली. आत पाहिलंच नाही..."

त्या एका वाक्याने तिचं उशिरा ठरलेलं लग्न मोडलं, शेजारच्या बायका आपली मुलं तिच्यापासून लांब ओढू लागल्या. आणि भावजय! पुढे चार वर्षांनी ती गेली, तेव्हा शेवटच्या घटकेलाही आत्याच्या हातचं पाणी तिने मान फिरवून नाकारलं. कोरड्या ओठांनीच गेली बिचारी. चमच्यातलं ते पाणी आत्याने तसंच परत भांड्यात ओतलं.

"बाबा," थोरलीचा आवाज अगदी खोल गेला होता, "आपल्या पेटीची कडी फार घट्ट होती ना? मी दोन्ही हातांनी दाबली होती. बोट चिमटलं होतं माझं."

"काय बरळतेस?"

"मला ते स्वप्न वाटायचं... इतकी वर्षं! आत्या, तू तर मशीनवर होतीस. मशीनचा आवाज येत होता मला. कडी कुणी घातली?"

"मी!" आत्या ओरडली. "मीच! कितीदा सांगू?"

"खोटं बोलू नकोस. मीच मारलं तिला!"

"तसं म्हणायचं नाही!" आत्या धावली आणि तिने थोरलीचं तोंड तळहाताने दाबून धरलं. "सहा वर्षांची होतीस गं तू! तुला काय कळत होतं?"

शब्द निसटून गेले होते... भावाने वर्तमानपत्र बाजूला टाकलं. तो उठला आणि आत्यासमोर येऊन उभा राहिला.

"ताई..."

सतरा वर्षांनी!

"ताई, मला एकट्याला तरी सांगायचंस. मी काय पोटच्या पोरीला..."

"त्या दिवशी तुझे डोळे पाहिले होते मी," आत्या हळूच म्हणाली. "तू आज शहाणा झालास रे. त्या दिवशी नव्हतास."

भावाने तिच्या पायांशीच बसकण मारली. "आणि हिची आई? तिला आता कोण सांगणार? ती तुला शिव्याशाप देत गेली, ताई!"

थोरली तिच्या कुशीत हमसून हमसून रडत होती आणि आत्या तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. "तुझी चूक नाही, बाळा, तुझी चूक नाही," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होती. आणि म्हणता म्हणता तिचाच आवाज फुटला.

"माझ्या मांडीवर झोपायची रे ती..." ती भावाला म्हणाली. "दुपारी माझ्याशिवाय डोळा मिटायची नाही. तुम्ही सगळे रडलात. मी कोणत्या तोंडाने रडणार होते?"

भावाने तिचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. "आता रड, ताई," तो म्हणाला.

आणि सतरा वर्षांनी पहिल्यांदाच, छकुलीला नावाने हाका मारत, आत्या मोठ्याने रडली.