निळ्या शर्टाचं दार

विश्वास ठेवा, नाहीतर नका ठेवू. मला घेणंदेणं नाही. भुताखेतांच्या गप्पांना सगळ्यात आधी हसणारी मीच होते. पण हे माझ्यासमोर घडलंय.

आमच्या वालपराइसो शहरात मार्च लागला की महिला दिनामुळे जिकडेतिकडे बायकांच्या कलेची प्रदर्शनं. एरवी काळं कुत्रं विचारत नाही, मार्चमध्ये मात्र आम्ही सगळ्या कलावंत! त्या वर्षी बंदरावरच्या जुन्या गोदामात माझ्या एल्सिरा मावशीची आर्पियेरा लागणार होती. आर्पियेरा म्हणजे गोणपाटावर चिंध्यांची घरं, माणसं शिवून केलेलं चित्र. लष्करी राजवटीत शिपायांनी घरातून उचलून नेलेल्यांच्या आया चर्चच्या तळघरात बसून ती शिवायच्या.

मावशीच्या चित्रात एकच घर. त्याचं दार नेल्सनच्या निळ्या शर्टाचं.

नेल्सन तिचा एकुलता एक. कोवळा पोरगा. घरातून नेला तो नेलाच. प्रेतसुद्धा मिळालं नाही.

ते दार तिने एकाच बाजूने शिवलं होतं. दुसरी बाजू मोकळी.

प्रदर्शनाच्या मांडणीला राजधानीतून, सांतियागोहून, पामेला आली होती. भारी टापटिपीची बाई.

"योली, हे लोंबतंय बघ. मावशींचा दोरा संपला वाटतं!"

मी शिडीवरून उतरेपर्यंत तिने चार टाके घालूनही टाकले.

संध्याकाळी धुकं चढलं. आम्ही दोघीच चहा घेत होतो. आणि...

टक. टक. टक.

पामेलाने गोदामाचं दार उघडलं. बाहेर नुसतं धुकं.

"वारा असेल गं."

वारा नव्हता. पानही हलत नव्हतं.

पुन्हा... टक. टक. टक.

या वेळी दारावर नाही. भिंतीवर. चित्राच्या मागून.

ती भिंत दगडी आहे. पलीकडे थेट समुद्र.

दुसऱ्या दिवशी उद्घाटनाला मावशी आली. तिला जेमतेम दिसायचं. तिने चित्रावरून बोटं फिरवली आणि थबकली.

"कुणी शिवलं हे?"

"मीच, मावशी. उसवलं होतं ना..." पामेला म्हणाली.

"उसवलं नव्हतं गं बाई! तो आला तर आत कसा येणार?"

सगळ्यांदेखत तिने ते टाके दातांनी तोडले. पामेला रडायलाच लागली. मी मावशीला बाजूला घेऊन कालचं सगळं सांगितलं. तिने माझं मनगट घट्ट धरलं.

"किती वेळा वाजलं?"

"तीनदा."

तिचा चेहरा पडला. "नेल्सन दोनदाच वाजवायचा. दोनदा, आणि मग आई म्हणून हाक."

मग चित्रातलं मोकळं झालेलं दार चाचपत म्हणाली, "असू दे. हाही कुणाचा तरी पोरगा. थंडीत उभा असेल. येऊ दे आत."

प्रदर्शन संपलं, चित्र तिच्या घरी गेलं. मी तिच्याजवळच राहायला गेले. रोज संध्याकाळी दार वाजायचं. कधी तीनदा. कधी धडाधड मुठीने. कधी... नुसती नखं. बाहेर कोणी नसायचं. तरी ती उठायची, दार उघडायची, टेबलावर पाव आणि चहा मांडायची. मला विचारायची,

"दोनदा होतं का गं, पोरी?"

कधीच नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात मावशी गेली. शेवटच्या दिवशीही हेच विचारत होती. त्यानंतर दार वाजलं नाही. खरं सांगते, मी सुटकेचा निःश्वास सोडला. तिच्या सवयीने दार मात्र उघडंच ठेवत राहिले.

काल संध्याकाळी किटली ठेवली होती. आणि...

टक. टक.

मी वाट पाहिली. तिसरी टकटक आली नाही.

मग उंबऱ्याजवळून... कोवळा आवाज.

"आई?"

दार सताड उघडं होतं. दारात कोणी नव्हतं.

भिंतीवरच्या चित्रातलं निळं दार मात्र हळूहळू हलत होतं.

"आई?" पुन्हा. या वेळी घरातून. मावशीच्या खोलीतून.

किटलीतलं पाणी आटून गेलं. मी तिथेच उभी. अजून त्या खोलीत गेलेली नाही.

जाऊन त्याला काय सांगू?