पनवेल बंदरावरचा दोर

अरे हृतिक, ठेव तो मोबाइल. मघापासून बघतोय, पावण्यांना पनवेल दाखवायचं चाललंय तुझं. कर्नाळा दाखव, नवा विमानतळ दाखव. आणि बंदर कोण दाखवणार, तुझा आजा? आमच्या लहानपणी त्या खाडीत मिठाचे मचवे, शिडाच्या मोठ्या होड्या, लागायचे! आता लोकांना पनवेल म्हणजे पुण्याला जायचा फाटा वाटतो.

बंदर खुशाल दाखव. पण पुनवेच्या रातीला नाय.

सुकापूरचा काशीराम माझ्या चांगल्या ओळखीतला. बाप मचव्यावर तांडेल, सगळ्या खलाशांचा म्होरक्या. काशीराम पाळण्यात असताना बाप मीठ घेऊन गेला, तो परत आलाच नाय. त्याची आई, मालूवयनी, दर पुनवेला बंदरावर दिवा लावायची. मग तीन वर्षं अंथरुणालाच खिळली.

गेल्या पौषातली पुनव. डॉक्टरनं हात टेकलेले. सकाळी बहीण अंकिता पुण्याहून येणार, तोवर आई राहू दे, एवढंच काशीरामच्या मनात. म्हातारी म्हणाली, "आज तू दिवा लावून ये, बाला." बायकोला आईपाशी बसवून तो बाइकवर निघाला.

बाराचा सुमार. उधाणाची भरती. धक्क्यावर चिटपाखरू नाय. दिवा लावला, हात जोडले, वळला... तर खाडीतनं हाक.

"दोर धर रे!"

आपल्या लोकांची खोडच हाय ती. धक्क्यावर उभा असेल त्यानं दोर धरायचा, कुणाचा ते विचारायचं नाय. अंगावर दोर आला. ओला, जड. काशीरामनं खांबाला वेढे दिले, गाठ मारली.

मग वर बघितलं.

मचवा नाय.

होडी नाय.

दोर मात्र ताणलेला...

"कोण हाय?"

धप्प. कुणीतरी धक्क्यावर उतरलं. दिसलं नाय. काशीरामच्या डोक्यावरनं एक गार हात फिरला, तान्ह्या पोराच्या फिरवावा तसा. मग पावलं वाजली... सुकापूरच्या वाटेला...

"आई!"

बाइक कशी मारली, त्याचं त्याला ठाऊक. दारात बायको रडत उभी.

"आत्ताच गेल्या हो. उठून बसल्या, हसल्या... 'आले, आले' म्हणाल्या..."

रातीच मी पोचलो, तर माझे हात धरून काशीराम हुंदके देत होता. "दोर मीच बांधला, काका. एक रात थांबली असती ती."



सकाळी अंकिता आली. आंघोळ घालायला तिनं चादर काढली आणि किंचाळली. मी उंबऱ्यातच होतो, पोरांनो. म्हातारीच्या दोन्ही पायांना, घोट्यापर्यंत, खाडीचा चिखल... ओला.