पहिल्याच तासाला रिकामं कपाट

कपाट उघडेना. नवीन सत्राचा पहिला दिवस, नववीचा पहिला प्रयोग, आणि प्रयोगशाळेतले मामा भिंतीतल्या लाकडी कपाटाशी झटापट करत होते. कुलूप निघालं, कडी निघाली, दार मात्र ढिम्म. शेवटी त्यांनी फटीत स्क्रूड्रायव्हर घालून जोर लावला. रंगाच्या कपच्या उडाल्या आणि दार धाडकन उघडलं.

आत सूक्ष्मदर्शक नव्हता. शाळेचा एकुलता एक चांगला.

"चावी तुमच्याकडे होती ना, मामा?" विज्ञानाचे सर सगळ्या वर्गासमोर ओरडले. "चोर घरातलाच निघाला म्हणायचा!"

उपमुख्याध्यापिका बाई तेव्हा वेळापत्रकाशी भांडत होत्या. एकाच वर्गावर दोन शिक्षक, दुसऱ्यावर कोणीच नाही. त्यात घरून सासूबाईंचा फोन. बाळ बाटली तोंडात धरत नव्हतं.

"आई, माझी जुनी ओढणी ठेवा त्याच्याजवळ. वास आला की पिईल," त्या कुजबुजल्या. तेवढ्यात मुख्याध्यापकांनी बोलावलं.

"मामा कंत्राटी. आज त्यांच्या मुदतवाढीवर सही करायची होती," ते म्हणाले. "आता कशी करू? दुपारपर्यंत छडा लावा, नाहीतर त्यांना घरी पाठवतो."

बाईंनी आधी मामांना विचारलं.

"चावी तुमच्याकडे कधीपासून?"

"या शनिवारपासून. परीक्षेतच रजेवर गेलो होतो, बायकोचं ऑपरेशन होतं. जाताना सरांकडे दिली होती."

"शनिवारनंतर कपाट उघडलंत?"

"नाही हो. आज उघडलं, तेच चुकलं बघा."

मग सर आले.

"सूक्ष्मदर्शक शेवटचा कधी पाहिलात?"

"शनिवारीच. चावी देण्याआधी मी स्वतः कपाट उघडून खात्री केली. जागेवर होता. आता तुम्हीच काय ते समजा."

समजायला काही उरलंच नव्हतं. बाईंना मामांचा रागच आला. बायको आजारी आहे, अडचण आहे, तर सांगायचं होतं ना! शिक्षकांच्या खोलीत जीव घुसमटत होता. त्यांनी खिडकी ढकलली. हलेना. दोन्ही हातांनी ढकलली. नख तुटलं.

"कशाला मरताय?" चित्रकलेच्या बाई हसल्या. "सुट्टी लागल्या लागल्या रंगारी आले ना, त्यांनी उघडझाप न करता सरसकट फासलंय. माझंही दार आज लाथ मारून उघडलं."

बाई तुटलेलं नख तसंच धरून प्रयोगशाळेत गेल्या. कपाटाच्या दाराच्या कडांवर रंगाचा पापुद्रा फाटलेला होता. ताजा, खरबरीत. कपच्या अजून जमिनीवर होत्या. त्यांनी सगळ्यांना तिथेच बोलावलं.

"सर, शनिवारी हे कपाट कसं उघडलंत?"

"कसं म्हणजे? चावीने."

"सहज?"

"सहज."

"मग आज मामांना ते फोडावं का लागलं? रंग सुट्टीच्या सुरुवातीला लागला. फट त्याने बुजली, ती आज सकाळी वर्गासमोर मोकळी झाली. म्हणजे रंगानंतर हे दार कोणी उघडलंच नाही. सूक्ष्मदर्शक त्याआधीच गेला होता. आणि तेव्हा चावी तुमच्याकडे होती."

सरांनी घाम पुसला. मग एकदम खाली बसले.

"घरच्या शिकवणीसाठी नेला होता. टेबलावरून पडला, भिंग तडकलं. दुरुस्त करून गुपचूप ठेवणार होतो, पण भाग मिळेना. आज नववीचा तास लागला, काही सुचलंच नाही."

"मामांचं नाव मात्र बरोबर सुचलं," बाई म्हणाल्या.

मुख्याध्यापकांनी खिशातून पेन काढलं. "मामा, झालं ते झालं. चला, सही करून टाकतो."

मामा जागचे हलले नाहीत. "बाई, खरं सांगा. तुम्हालाही वाटलं होतं ना, मीच म्हणून?"

"हो. वाटलं होतं."

"मग पोरांना काय वाटत असेल? सही नंतर, साहेब. आधी नववीत चला."

"आत्ता? अहो, तास चालू आहे!"

"मला चोर म्हटलं तेव्हाही तासच चालू होता," मामा म्हणाले.